केशवराव भोसले नाट्यगृह, खासबाग आणि कोल्हापूर: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात येणारी बहुतेक मंडळी अंबाबाईचं दर्शन घेतात, मिसळ खातात, रंकाळ्यावर एक फेरी मारतात आणि चपलांचा जोड घेऊन परतीला लागतात. देवळापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर शाहू महाराजांनी नाटकासाठी आणि कुस्तीसाठी बांधलेल्या दोन वास्तू पाठीला पाठ लावून उभ्या आहेत, हे त्यांना कुणी सांगतच नाही. मी लातूरची. लग्नानंतर नऊ वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर माहेरची माणसं, मैत्रिणी, यजमानांच्या ऑफिसातले पाहुणे अशा कितीतरी जणांना हा भाग हिंडून दाखवला. दर वेळी तेच प्रश्न येतात आणि त्याच चुका होतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

१. आधी नाव नीट लक्षात ठेवा

पहिली अडचण नावाचीच येते. या वास्तूचं पूर्ण नाव संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ साली ते उभं राहिलं तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. जुन्या लेखांत आणि वयस्कर माणसांच्या तोंडी अजून तेच नाव असतं. माझ्या सासूबाई पॅलेस थिएटर म्हणायच्या. मी स्टँडवर रिक्षात बसले आणि ‘पॅलेस’ एवढंच म्हटलं. रिक्षावाल्या मामांनी मला थेट न्यू पॅलेसच्या फाटकाशी नेऊन उतरवलं. “पॅलेस म्हणालासा नव्हं, ह्यो काय पॅलेस. नाटकाचं थेटर पायजे व्हय? मग खासबाग म्हणायचं हुतं की.” परत गावात येईपर्यंत नाटकाचा पहिला प्रवेश होऊन गेला होता.

तेव्हा रिक्षात बसताना ‘खासबाग’ किंवा ‘केशवराव भोसले’ म्हणा. या दोन शब्दांवर चुकामूक होत नाही.

याच्याच जोडीचा दुसरा घोटाळा सभागृहांचा. गावातले बरेच सांस्कृतिक कार्यक्रम दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात होतात, काही पेटाळ्यावरच्या राम गणेश गडकरी सभागृहात होतात. ‘कोल्हापुरात गाण्याचा कार्यक्रम आहे’ एवढं ऐकून निघू नका. पत्रिकेवर सभागृहाचं नाव कोणतं छापलंय ते वाचा.

२. निघण्याआधी चौकशी करा, ही पायरी टाळू नका

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. छत आणि रंगमंच जळून गेले. मागच्या अंगाला असलेल्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही झळ बसली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसल्यांची जयंती होती.

त्या सकाळी मी तिथे गेले होते. दगडी भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्या आत वर पाहिलं की सरळ आकाश दिसत होतं. ओल्या राखेचा वास मिरजकर तिकटीपर्यंत येत होता. गर्दी बरीच होती, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चपला काढल्या, भिंतीला हात लावून नमस्कार केला आणि तसेच उभे राहिले. या गावाचं त्या वास्तूशी काय नातं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आगीनंतर पुनर्बांधणीचं काम हाती घेण्यात आलं. म्हणून आत जाता येतं का, प्रयोग होतात का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. नाट्यगृह कोल्हापूर महानगरपालिकेचं आहे, त्यामुळे चौकशी तिथेच करावी. आत प्रवेश नसला तरी बेत रद्द करू नका. बाहेरून पाहण्यासारखं आणि आजूबाजूला हिंडण्यासारखं एवढं आहे की अर्धा दिवस सहज जातो.

तारखांचंही बघा. शुक्रवार आणि मंगळवार देवीचे वार, त्यात सुट्ट्यांचे दिवस आणि नवरात्र. या काळात देवळाच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे साधारण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात देवीपर्यंत जातात. तो सोहळा पाहायचा असेल तर त्या दिवशी नाट्यगृहाचा बेत ठेवू नका, दोन्ही नीट होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर पंचगंगेच्या पाण्यावर नजर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता आणि पुण्याकडची वाहतूक बंद पडली होती.

३. सोबत काय घ्यावं

- ओळखपत्र. लॉजवर प्रत्येकाचं मागतात, नवरा-बायको दोघांचंही.
- तिकीट मोबाइलवर काढलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. ऐन दारात नेट चालत नाही.
- सुटे पैसे. चप्पल स्टँड, भेळ, रिक्षा सगळीकडे लागतात.
- पटकन काढता-घालता येतील अशा चपला.
- जून ते सप्टेंबर छत्री. इथला पाऊस आडवा येतो, नुसत्या टोपीने भागत नाही.
- आजी-आजोबांसाठी पातळ शाल. नाटक उशिरा सुटलं की थंडीच्या दिवसांत बाहेर गारठा असतो.

४. यायचं कसं आणि गाडी ठेवायची कुठे

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी कोल्हापूरला पोहोचते. दिवस पूर्ण हाती येतो, म्हणून मी पाहुण्यांना हीच गाडी सांगते. पुण्याहून एसटी भरपूर आहेत. रेल्वे स्टेशन (श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस) आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांच्या जवळ आहेत. तिथून खासबागेला रिक्षाने जा, भाडं बसण्याआधी ठरवा.

स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. जुन्या गावातले रस्ते अरुंद आहेत आणि देवळाच्या बाजूला गर्दीच्या दिवशी गाड्या आत सोडत नाहीत. माझ्या भावाने ‘देवळापासून दोन मिनिटांवर, पार्किंगसह’ असं वाचून एका लॉजवर खोली घेतली. प्रत्यक्षात गाडी त्या गल्लीत शिरतच नव्हती. वय झालेल्या आई-बाबांना सामानासकट चालत न्यावं लागलं. खोली घेण्याआधी फोन करा आणि ‘चारचाकी दारापर्यंत येते का’ हाच प्रश्न विचारा. दिवसभर हिंडायचं असेल तर बिंदू चौकातल्या वाहनतळावर गाडी लावा आणि तिला विसरून जा. पुढचं सगळं पायीच करायचं आहे.

५. नाट्यगृह: कुठे थांबायचं, काय पाहायचं

शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी युरोपातली नाट्यगृहं आणि रोममधलं जुनं क्रीडागार पाहिलं. परतल्यावर आपल्या गावात, आपल्या खेळासाठी आणि आपल्या नाटकासाठी तशा वास्तू हव्यात, असं त्यांच्या मनाने घेतलं. आधी खासबागेचं कुस्ती मैदान झालं. मग त्याला लागून १९१३ साली नाट्यगृहाचं बांधकाम सुरू झालं आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये ते उघडलं. तो काळ मोठा विलक्षण होता. बहुतेक गावांत नाटक कंपन्या तात्पुरत्या मांडवात खेळ करायच्या, पाऊस आला की प्रयोग बंद. अशा वेळी एका संस्थानात दगडी बांधणीचं कायमचं नाट्यगृह उभं राहिलं.

आधी समोरच्या रस्त्याच्या पलीकडे उभं राहून दर्शनी बाजू पूर्ण बघा. घाईने फाटकाकडे जाऊ नका. दगडाची चिरेबंदी, कमानी आणि त्यांचा एकमेकांशी असलेला तोल दुरूनच कळतो. मग बाजूने चालत जा. डाव्या-उजव्या भिंतींच्या उंचीवरून आतल्या सभागृहाचा अंदाज येतो.

मी आत बसून जे अनुभवलं ते सांगते. प्रेक्षागृहात मध्ये खांब नव्हते, त्यामुळे कुठेही बसलं तरी रंगमंच पूर्ण दिसायचा. आवाजाचं तर विचारूच नका. नाट्यगृह बांधलं तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते, नटाचा गळा आणि वास्तू एवढ्यावर सगळी भिस्त. रंगमंचाखाली विहीर ठेवली होती, तिच्यामुळे आवाज घुमायचा, असं जुनी माणसं सांगतात. एकदा नाट्यसंगीताच्या मैफलीत वीज गेली. गायिका थांबल्या नाहीत. माइक बंद, ऑर्गन आणि तबला चालू, आणि बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसलेल्या मला त्यांची प्रत्येक जागा, प्रत्येक मुरकी स्वच्छ ऐकू येत होती. वीज आल्यावर माइकमधून येणारा आवाज त्या मानाने अगदी चपटा वाटला.

ज्यांचं नाव वास्तूला दिलं त्या केशवरावांबद्दल थोडं माहीत करून या, म्हणजे तिथे उभं राहण्याला अर्थ येतो. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. लहानपणीच नाटक कंपनीत गेले, ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने नावारूपाला आले. वयाच्या अठराव्या वर्षी, १९०८ साली, त्यांनी हुबळीत ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे दोन मालक, एरवीचे स्पर्धक, एका रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. आदल्या रात्री लॉजवर ‘मानापमाना’तली दोन-तीन पदं ऐकून ठेवा. त्यांच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबेही याच मातीतले, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे.

काम चालू असेल तर पत्रे आणि बांबू ओलांडून आत शिरण्याचा प्रयत्न करू नका. फोटोसाठी काही पाहुण्यांनी तसं केलेलं मी पाहिलंय, पहारेकऱ्याशी वाद होतो आणि धोकाही असतो. बाहेर थांबलेल्या पहारेकऱ्याला नीट विचारलं तर कुठून चांगलं दिसतं ते तो आपणहून दाखवतो.

६. मागे वळा: खासबाग मैदान

नाट्यगृह पाहून लगेच रिक्षा पकडणं ही सगळ्यांत मोठी चूक. तशीच वाट धरून मागच्या अंगाला या. इथे देशातल्या कुस्तीच्या सर्वांत नावाजलेल्या मैदानांपैकी एक आहे. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, भोवती बशीसारखी वर चढत गेलेली बसायची जागा. कुठल्याही टोकाला बसा, पुढच्याच्या पटक्याआड काही लपत नाही. मैदान १९१२ च्या सुमारास पूर्ण झालं आणि हजारोंच्या गर्दीला पुरतं.

कुस्त्या नसताना मैदान रिकामं, शांत असतं. तरी हौद्याच्या कडेला उभं राहून भोवती एकदा नजर फिरवाच. हौद्यात पाय ठेवू नका, ठेवायची वेळ आलीच तर चपला काढून आणि परवानगी घेऊन. ती लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असते आणि पैलवान तिला कपाळाला लावतात.

तालमीतला सराव पाहायचा असेल तर भल्या पहाटे उठावं लागेल. भवानी मंडपाजवळची मोतीबाग तालीम जवळ पडते. आधी वस्तादांना विचारा, जोर-बैठका चालू असताना मध्ये बोलू नका, मोबाइल खिशात ठेवा.

७. गाण्याची आवड असेल तर देवल क्लब

याच परिसरात गायन समाज देवल क्लब आहे. १८८३ पासूनची ही संस्था आजही शास्त्रीय संगीत शिकवते आणि मैफली भरवते. कोल्हापूरच्या दरबारात शाहू महाराजांनी खाँसाहेब अल्लादिया खाँ यांना आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथे रुजली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्याच परंपरेतल्या. संध्याकाळी रियाजाच्या वेळी बाहेरून गेलात तर तंबोऱ्याचा आवाज कानावर येतो. त्या दिवशी कुणाचं गाणं आहे का, हे आत जाऊन विचारायला संकोच करू नका. मला इथलं सर्वांत चांगलं गाणं असंच, सहज विचारल्यामुळे ऐकायला मिळालं.

८. प्रयोगाला बसणार असाल तर

संगीत नाटक असेल तर उशिरा जाऊच नका. तिसऱ्या घंटेनंतर नांदी होते, आणि नांदी चुकली की नाटकाचा अर्धा रंग गेला. निदान अर्धा तास आधी पोहोचा. इथला प्रेक्षक जाणकार आहे. आवडलं तर भरभरून दाद देतो, ‘वन्स मोअर’ही देतो, पण पद चालू असताना कुणी बोललेलं त्याला खपत नाही. रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत बरीच रात्र होते. त्या वेळी खानावळी बंद झालेल्या असतात, तेव्हा जेवून जा. परतीची रिक्षाही आधीच सांगून ठेवा.

९. पायी फेरी: खासबाग ते देऊळ

खासबागेतून मिरजकर तिकटीवर या, तिथून बिंदू चौक. चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ते ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. दोन मिनिटं थांबून बघा, बहुतेक पर्यटक इथे फक्त गाडी लावतात. पुढे भवानी मंडप आणि जुना राजवाडा, आणि त्याला लागूनच अंबाबाईचं देऊळ. आत गर्दी असली तरी बाहेरच्या भिंतीवरचं दगडी कोरीवकाम एक प्रदक्षिणा घालून पाहता येतं.

चपला घ्यायच्या असतील तर चप्पल लाइनमध्ये जा. जोड हातात घेऊन वाकवून बघा, तळ आणि शिवण बघा. चामड्याला चामड्याचाच वास यायला हवा. नवी चप्पल पहिले काही दिवस लागते, म्हणून ती पायात घालून उरलेला दिवस हिंडू नका. कोल्हापुरी साज, म्हणजे इथला गळ्यातला दागिना, पाहायचा तर गुजरी ही सराफांची पेठ जवळच आहे.

१०. खाण्याचं वेळापत्रक

मिसळ सकाळची. दुपारी उशिरा गेलात तर कट संपलेला असतो. इथे मिसळीबरोबर पाव नव्हे, ब्रेडच्या स्लाइस देतात, त्यावरून वाद घालू नका. तांबडा-पांढरा दुपारी, साध्या खानावळीत. पांढरा रस्सा आधी प्यावा, तो नारळाच्या दुधातला असतो आणि पोट तयार करतो. तिखटाची सवय नसेल तर वाढप्याला आधीच सांगा, इथे पाहुण्याला आग्रह फार होतो. संध्याकाळी खासबागेच्या खाऊगल्लीत भेळ. नाटकाआधी भेळ खायची ही गावाची जुनी रीत आहे.

रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी असते, धार काढली जाते आणि फेसाळ दुधाचा ग्लास तसाच हातात येतो. पोट नाजूक असेल त्यांनी कच्चं दूध टाळावं.

११. दुसरा दिवस असेल तर

सकाळी न्यू पॅलेस. चार्ल्स मँट या स्थापत्यविशारदाचा आराखडा, बांधकाम १८८४ साली पूर्ण झालं. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडतं तेव्हा जा. आत फोटो काढू देत नाहीत, कॅमेरा काढला की लगेच हटकतात. परतताना दसरा चौकात उतरा. शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभी राहिलेली निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहं या भागात एकमेकांशेजारी दिसतील. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढणारा राजा आणि नाटकासाठी दगडी वास्तू बांधणारा राजा एकच, हे त्या चौकात उभं राहिलं की नीट उमगतं.

संध्याकाळी रंकाळा. सूर्य शालिनी पॅलेसच्या बाजूला उतरताना पाणी तांबूस होतं. महालक्ष्मीने मुंबईला परतणार असाल तर सामान सकाळीच आवरून ठेवा आणि गाडीची वेळ पाहून रंकाळ्यावरून निघा. थंडीचे दिवस असतील तर जाता जाता गूळ घ्या. गुऱ्हाळं तेव्हा चालू असतात आणि नवा गूळ मिळतो. फार पिवळाधमक घेऊ नका, थोडा काळपट, चिकट निघाला तर तोच उचला.